अण्णांच्या डीव्हीडींमधले मेकिंग उतरवून घेताना

माझ्या वडिलांचे, म्हणजे अण्णांचे, नाशिकच्या पंचवटीत व्हिडिओ लायब्ररीचे दुकान होते. १९८९ साली व्हीएचएस कॅसेटींवर सुरू झालेले हे दुकान २०१२ च्या दिवाळीनंतर बंद झाले आणि उरलेला सगळा माल सात पत्र्याच्या पेट्यांत भरून आमच्या इंदिरानगरच्या घराच्या माळ्यावर गेला. अण्णा २०२२ साली गेले. त्यांच्या वर्षश्राद्धानंतर घर आवरायला काढले तेव्हा आई म्हणाली, "या पेट्यांचं काय करायचं ते एकदा ठरव. भंगारवाला किलोवर घेतो म्हणतोय." द्यायच्या हे जवळजवळ ठरलेच होते. देण्यापूर्वी एक पेटी उघडून पाहावी, एवढ्याच विचाराने मी शिडी लावली.

वरच्याच थरात २००६ सालच्या एका मराठी चित्रपटाची डीव्हीडी होती. त्याचे चित्रीकरण आमच्या दुकानापासून चालत पाच मिनिटांवर, काळाराम मंदिरामागच्या एका गल्लीत झाले होते, म्हणून ती मला आठवत होती. वेष्टनाच्या मागे बारीक अक्षरांत लिहिले होते : मेकिंग, वगळलेली दृश्ये, कलावंतांशी गप्पा. तो चित्रपट आज एका ओटीटीवर पाहायला मिळतो. त्याच रात्री मी तो तिथे शोधला आणि सापडलाही. मेकिंग मात्र तिथे नव्हते आणि दुसरीकडेही कुठे नव्हते. दुसऱ्या दिवशी पेटीतले आणखी दहा चित्रपट याच रीतीने तपासले. दहापैकी सात चित्रपट कुठे ना कुठे उपलब्ध होते, पण त्यांच्या डीव्हीडींवरील जोडसामग्री एकाचीही मिळाली नाही. चित्रपट टिकला तरी तो कसा झाला याचे चित्रण फक्त या चकत्यांवर उरले आहे, हे त्या दिवशी माझ्या ध्यानात आले आणि भंगारवाल्याला मी नको म्हणून सांगितले.

डीव्हीडीवर एवढी जोडसामग्री का असे, याचे कारण मुख्यतः जागेचे आहे. व्हीसीडीवर साधारण ७४ मिनिटांचे चित्रण मावते, त्यामुळे एकच चित्रपट दोन किंवा तीन चकत्यांवर तोडून द्यावा लागे. तिथे मेकिंगला जागा कुठून मिळणार? डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी आणि दोन थरांत ८.५ जीबी मावू लागले, तेव्हा दोन-अडीच तासांचा चित्रपट नीट घालूनही जागा शिल्लक राहू लागली आणि ती भरण्यासाठी निर्मात्यांनी सेटवर एक जास्तीचा व्हिडिओ कॅमेरा ठेवायला सुरुवात केली. कल्पना त्याआधीची होती. अमेरिकेत १९८४ साली क्रायटेरियन या कंपनीने 'किंग काँग' लेझरडिस्कवर, म्हणजे डीव्हीडीच्या आधीच्या मोठ्या चकतीवर, आणला, तेव्हा दुसऱ्या ध्वनिपट्टीवर एका जाणकाराचे निवेदन दिले होते. आपल्याकडे मात्र ही गोष्ट घरोघरी पोहोचली ती डीव्हीडीमुळेच. अण्णांच्या दुकानात 'शोले'ची अशी प्रत मागणारे गिऱ्हाईक मला चांगले आठवते, ज्यात ठाकूर गब्बरला पायांनीच मारून टाकतो. सेन्सॉरच्या आक्षेपामुळे १९७५ साली बदलावा लागलेला तो मूळ शेवट लोकांनी पहिल्यांदा पाहिला तो घरच्या टीव्हीवर.

पेट्यांतून एकूण ६१२ चकत्या निघाल्या. त्यांपैकी ३८८ व्हीसीडी होत्या. त्या मी फार वेळ न घालवता बाजूला केल्या, कारण त्यांच्यावर चित्रपट आणि सुरुवातीला दुसऱ्या चित्रपटांच्या जाहिराती, याखेरीज काही नसते. (मराठी नाटकांच्या व्हीसीडी मात्र मी वेगळ्या काढून ठेवल्या आहेत, तो स्वतंत्र कामाचा विषय आहे.) राहिलेल्या २२४ डीव्हीडींपैकी ७१ चकत्यांवर मेकिंग, वगळलेली दृश्ये, मुलाखती किंवा निवेदन असे काहीतरी होते. वेष्टनावरचा मजकूर मी शेवटचा मानला नाही, प्रत्येक चकती लावून पाहिली. कारण काही वेष्टनांवर लिहिलेले आत नव्हते आणि चार चकत्यांवर न लिहिलेले आत सापडले.

सर्वांत वाईट अवस्था २००८ च्या पुरात भिजलेल्या चकत्यांची होती. त्या सप्टेंबरात गोदावरीचे पाणी दुकानात शिरले आणि खालची दोन फळकुटे बुडाली. पाणी ओसरल्यावर अण्णांनी सगळ्या भिजलेल्या चकत्या घरी आणून धुतल्या आणि मधल्या भोकातून सुतळी ओवून गॅलरीत वाळत घातल्या होत्या. वाऱ्याने त्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून प्रत्येक दोन चकत्यांच्या मध्ये आईने चिंधीची गाठ मारली होती. वेष्टनांचे कागद मात्र प्लास्टिकला चिकटून गेले होते. पंधरा वर्षांनी पेटी उघडली तेव्हा त्या चकत्यांच्या मध्यभागी सुतळीचे तंतू अजून अडकलेले होते.

चकती धुण्याची रीत मी आधी नीट शिकून घेतली. साध्या पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ सुती कापड, आणि पुसायचे ते मधल्या भोकाकडून कडेकडे, सरळ रेषेत. गोल फिरवून पुसायचे नाही. चकतीवरील माहिती एका लांबच लांब सर्पिल रेषेत लिहिलेली असते. आडवा ओरखडा प्रत्येक वेढ्याला एकाच ठिकाणी छेदतो आणि तेवढे नुकसान यंत्र आजूबाजूच्या माहितीवरून भरून काढू शकते. रेषेच्या दिशेने गेलेला ओरखडा मात्र सलग मोठा भाग खाऊन टाकतो. डीव्हीडीचे एक बरे असते. ती ०.६ मिलीमीटर जाडीच्या दोन पारदर्शक चकत्या एकमेकींना चिकटवून केलेली असते आणि माहितीचा चमकदार थर त्या दोन्हींच्या मध्ये सुरक्षित असतो. सीडीचा हा थर थेट लेबलच्या खालीच असल्यामुळे वरून नखाचा ओरखडा गेला तरी ती खराब होते. पण डीव्हीडीच्या दोन चकत्यांमधला डिंकच सुटू लागला तर हवा आणि ओल आत जाते आणि चमकदार थर कडेपासून काळवंडत येतो. चकती ट्यूबलाइटसमोर धरली की हे कळते : निरोगी चकतीतून उजेडाची मंद, सारखी झाक दिसते, आणि बिघडलेल्या चकतीत सुईच्या टोकाएवढी भोके चांदण्यांसारखी चमकतात. पुराच्या १९ चकत्यांमध्ये ही भोके सहा चकत्यांत दिसली.

आता ज्या लॅपटॉपवर मी काम करतो त्यात डीव्हीडी घालायची सोयच नाही. महात्मा गांधी रोडवरील तीन दुकानांत विचारल्यावर चौथ्या दुकानात यूएसबीला जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह मिळाला. एका मित्राच्या जुन्या संगणकातला दुसरा ड्राइव्ह मी मागून आणला, आणि तो पुढे फार उपयोगी पडला, कारण एका ड्राइव्हला न वाचता येणारी चकती दुसऱ्याला पुष्कळदा वाचता येते; भिंग, मोटर आणि आतली सूचनावली प्रत्येकाची थोडी निराळी असते. रीजनचीही एक अडचण असते. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत आणि भारत पाचव्या विभागात येतो; आपल्याकडच्या बहुतेक चकत्या पाचव्या विभागाच्या किंवा सर्व विभागांसाठी खुल्या असतात. अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेल्या काही चकत्या पहिल्या विभागाच्या होत्या. संगणकाच्या ड्राइव्हला विभाग बदलण्याची मुभा फक्त पाच वेळा असते, पुढे तो शेवटच्या विभागावर कायमचा अडकतो, म्हणून मित्राचा ड्राइव्ह मी परदेशी चकत्यांसाठी राखून ठेवला आणि स्वतःच्या ड्राइव्हला हात लावला नाही.

कायद्याचा विचार मी कामाच्या आधीच केला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ मध्ये खासगी वापर आणि अभ्यास यांसाठी वाजवी वापराची मोकळीक दिलेली आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५अ मध्ये हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने संरक्षक कुलूप तोडणे हा गुन्हा ठरवला आहे. मी जे उतरवले ते माझ्या घरातील विकत घेतलेल्या चकत्यांवरून, स्वतःच्या अभ्यासासाठी. त्यातील एकही तुकडा मी कुठे चढवलेला नाही की कोणाला पाठवलेला नाही. ज्यांना पाहायचे ते घरी येऊन पाहतात. चित्रपटावरील हक्क तो प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे असतो. म्हणजे २००६ चा चित्रपट २०६६ च्या अखेरीपर्यंत हक्कदारांचाच आहे आणि तो त्यांचाच असावा. मला काळजी वाटते ती एवढीच, की तोपर्यंत ही चकती राहणार नाही.

आता प्रत्यक्ष उतरवण्याचे काम. डीव्हीडी संगणकात उघडली की 'व्हिडिओ टीएस' नावाचा एक फोल्डर दिसतो आणि त्यात जास्तीत जास्त एक जीबीच्या फायली ओळीने मांडलेल्या असतात. चित्रपट, मेकिंग, मुलाखती हे सगळे त्यांत वेगवेगळ्या 'टायटल'च्या रूपात साठवलेले असते आणि ही टायटले ओळखून स्वतंत्र फायलींत काढून देणारी सॉफ्टवेअरे मिळतात. पहिल्या ४० चकत्या मी महिनाभरात अशाच उतरवल्या आणि काम मार्गी लागले अशी माझी समजूत झाली. एकेचाळिसाव्या चकतीवर वगळलेली दृश्ये नऊ असल्याचे मेनूत दिसत होते, पण माझ्याकडे उतरली ती फक्त चार. राहिलेली पाच कुठे गेली हे शोधता शोधता दोन रात्री गेल्या. शेवटी सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये उत्तर सापडले : दोन मिनिटांहून लहान असलेले प्रत्येक टायटल ते आपणहून गाळत होते, कारण मुख्य चित्रपट काढणाऱ्या माणसाला असे तुकडे अडगळीचे वाटतात. मला नेमके तेच हवे होते. वगळलेले दृश्य चाळीस सेकंदांचे असते, चुकलेला शॉट दहा सेकंदांचा असतो. मर्यादा शून्यावर आणून मी आधीच्या चाळीसही चकत्या पुन्हा पहिल्यापासून उतरवल्या आणि त्यांतून दोनशेहून अधिक लहान तुकडे नव्याने हाती आले. हे काम करू पाहणाऱ्या प्रत्येकाने पहिली चकती लावण्याआधी हे एक सेटिंग जरूर पाहावे.

त्यानंतर मी एक शिस्त लावून घेतली. चकती आधी टीव्हीच्या प्लेयरवर लावायची, मेनूतील प्रत्येक पर्याय रिमोटने उघडायचा आणि जे दिसेल ते वहीत लिहायचे. मग संगणकावर उतरवलेल्या फायली त्या यादीशी ताडून पाहायच्या. यामुळे मेनूच्या कोपऱ्यात लपवलेल्या गोष्टीही हाती लागल्या. एका हिंदी चित्रपटाच्या मेनूत कंदिलाचे चित्र होते. त्याच्यावर बाण नेऊन बटण दाबले की संगीतकार हार्मोनियमवर चाल बसवत असल्याचा दीड मिनिटाचा तुकडा सुरू होई. वेष्टनावर त्याचा उल्लेखही नाही.

निवेदनाच्या ध्वनिपट्ट्यांबाबतही सुरुवातीला माझ्याकडून चूक होता होता राहिली. दिग्दर्शक आणि छायाचित्रकार चित्रपट पाहत पाहत बोलतात ते बोलणे स्वतंत्र चित्रण म्हणून नसते, तर मूळ चित्रपटालाच दुसरी ध्वनिपट्टी म्हणून जोडलेले असते, आणि सॉफ्टवेअर साधारणतः पहिलीच पट्टी घेते. म्हणून अशा अकरा चकत्यांचा चित्रपटही मी सर्व पट्ट्यांसह ठेवला. डीव्हीडीवरील सबटायटल्स अक्षरांच्या रूपात नसतात, चित्रांच्या रूपात असतात. तीही तशीच ठेवली. चित्र 'सुधारण्याचा' मोह मात्र मी टाळला. मेकिंग बहुधा व्हिडिओ कॅमेऱ्यावर घेतलेले असल्यामुळे संगणकावर पाहताना हलत्या हाताच्या कडेला फणीच्या दात्यांसारख्या रेषा दिसतात. त्या काढून टाकणारी साधने आहेत, पण त्यांत मूळ चित्राची अर्धी माहिती जाऊ शकते. पाहताना रेषा लपवता येतात, साठवताना मूळ तसेच ठेवावे, असे माझे ठाम मत झाले आहे.

बिघडलेल्या सहा चकत्यांना सर्वांत जास्त वेळ लागला. साधी नकल करताना यंत्र खराब जागेवर अडते, पुन्हा पुन्हा तिथेच वाचायचा प्रयत्न करते आणि शेवटी हात टेकते. 'डीडीरेस्क्यू' नावाचा एक मोफत प्रोग्रॅम उलट पद्धतीने चालतो : आधी जे सहज वाचता येते ते सगळे वाचून घेतो, कुठे अडखळला त्याची नोंद एका नकाशात ठेवतो, आणि मग फक्त त्या जागांवर परत येतो. नोंद राहत असल्याने काम मध्येच थांबवून चकती पुन्हा धुता येते, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालता येते आणि जिथे सोडले होते तिथून पुढे जाता येते. रात्री लावून झोपायचे आणि सकाळी पाहायचे, असे एका चकतीसाठी मी सलग नऊ रात्री केले. तिसऱ्या रात्रीनंतर रोज थोडीथोडी भर पडत होती. नवव्या रात्री काहीच पडली नाही, तेव्हा थांबलो.

हीच ती २००६ ची, आमच्या गल्लीतली डीव्हीडी. दुकानाच्या खालच्या फळकुटावरची म्हणून ती पुराच्या पाण्यात भिजलेली होती. २४ मिनिटांच्या मेकिंगपैकी २१ मिनिटे हाती लागली.

मेकिंगची सुरुवात पहाटेच्या रामकुंडाने होते. घाटावर तेव्हा २०१५ च्या सिंहस्थापूर्वीची रचना आहे. लगेच गाडी गल्लीत येते. चित्रपटात या गल्लीचा फक्त एका वाड्याचा दरवाजा आणि ओट्याच्या चार पायऱ्या दिसतात; तेवढाच तुकडा चौकटीत घेतलेला आहे, कारण कथा जुन्या काळातली आहे आणि जरा उजवीकडे सरकले की विजेच्या तारा आणि टेलिफोन बूथची पाटी आड येते. मेकिंगच्या कॅमेऱ्याला हे बंधन नव्हते. तो वाड्याकडे पाठ करून चक्क समोर वळतो आणि तिथे सगळी गल्ली उभी आहे : शिडीवर चढलेली मुले, खिडक्यांतल्या बायका, सायकल हातात धरून खोळंबलेला दूधवाला, आणि कोपऱ्यावरची पिठाची गिरणी. ती गिरणी २०११ साली पडली, आज तिथे तीन मजली लॉज आहे.

एका पोऱ्याच्या हातात थर्माकोलचा पांढरा तक्ता आहे. अभिनेत्रीच्या चेहऱ्यावर उजेड परतवण्यासाठी त्याने तो डोक्यावर धरला आहे, हात भरून आल्यामुळे तो एका पायावरचे वजन दुसऱ्यावर घेतो, पण तक्ता हलू देत नाही. फोकस पुलर, म्हणजे कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणारा, टेपचे एक टोक कॅमेऱ्याला लावून दुसरे तिच्या डोळ्याच्या कडेपाशी नेतो, आकडा पाहतो आणि भिंगावर पांढऱ्या पेन्सिलीने रेघ ओढतो. हे सगळे मेकिंगवाल्याला निवांत टिपता आले याचेही कारण आहे. ३५ मिलीमीटरच्या ४०० फुटी रिळात साडेचार मिनिटांहूनही कमी चित्रण होते, त्यामुळे 'कट' म्हणताच मुख्य कॅमेरा बंद होतो. छोट्या व्हिडिओ कॅमेऱ्याची कॅसेट मात्र तासभर चालते आणि ती स्वस्त असते, म्हणून तो दोन शॉटांच्या मधल्या वेळातही चालूच राहतो. गल्ली उरली ती त्या मधल्या वेळामुळे.

तो तक्ता धरलेला पोऱ्या पाहताना मला दादासाहेब फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई आठवल्या. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी त्या फिल्मला भोके पाडत, रसायने कालवत, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत आणि चित्रणाच्या वेळी उजेड परतवण्यासाठी पांढरी चादर धरून उभ्या राहत. १९१३ साली तो चित्रपट प्रदर्शित झाल्यावर दादासाहेब त्याच वर्षी नाशिकला आले आणि पुढचे चित्रपट त्यांनी इथे केले. १९१७ साली त्यांनी चित्रपट कसा तयार होतो हेच दाखवणारी एक छोटी फिल्म काढली आणि तीत ते स्वतः काम करताना दिसतात. आज ज्याला आपण मेकिंग म्हणतो ते आपल्याकडे फाळक्यांनी चित्रपटाच्या पहिल्या पाच वर्षांतच करून ठेवले होते, ही गोष्ट नाशिककरांनी अधिक अभिमानाने सांगायला हवी. आपण शाळेच्या सहली पांडवलेण्याच्या पायथ्याशी फाळके स्मारकात नेतो, पण या छोट्या फिल्मविषयी तिथून परतलेल्या मुलांना विचारले तर एखाद्यालाच सांगता येते. 'राजा हरिश्चंद्र'चाही सुमारे ३,७०० फुटांपैकी १,४७५ फुटांचाच भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयापर्यंत पोहोचला. जे राहिले ते कोणीतरी जपले म्हणून राहिले.

मेकिंगच्या चौदाव्या मिनिटाला कॅमेऱ्याबाहेरून ध्वनिमुद्रकाचा आवाज येतो, "काका, पाच मिनिटं गिरणी बंद ठेवता का? आवाज येतोय." प्रत्यक्ष जागेवरच संवाद ध्वनिमुद्रित करण्याची पद्धत 'लगान'नंतर आपल्याकडेही रुजू लागली होती आणि त्यात गिरणीचा आवाज चालणारा नव्हता. गिरणीवाले काका दारात येतात, पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून म्हणतात, "जाधवीणबाईंचं दळण निम्मं झालंय. तेवढं होऊ द्या, मग तास करा तुमचं." सगळे युनिट थांबते. अभिनेत्री ओट्यावर बसून घेते. पोऱ्या तक्ता खाली ठेवतो.

हा तुकडा मी आत्याला दाखवला. आत्या पंचवटीत त्याच गल्लीच्या तोंडाशी साठ वर्षे राहिल्या, आता आमच्याकडे असतात आणि त्यांचे वय ८४ आहे. मला त्या तुकड्यातील माणसे लिहून घ्यायची होती, कारण मला तिघेच ओळखू येत होते. मी एकेका चौकटीवर थांबत विचारत गेलो आणि आत्या सांगत गेल्या. खिडकीतली कोणाची सून, शिडीवरचा पोरगा आता कुठे नोकरीला आहे, दूधवाल्याचा गोठा कोणत्या मळ्यात होता. दीड तासात सतरा माणसे ओळखली गेली. मग त्या म्हणाल्या, "आणि अण्णा कुठाय रे यात? तो तर दोन दिवस दुकान सोडून तिथेच उभा होता." अण्णा त्यात नाहीत. मी ती एकवीस मिनिटे चौकट चौकट करून तीनदा पाहिली आहेत. हाती न लागलेल्या तीन मिनिटांत असतील तर ते मला कळण्याचा मार्ग उरलेला नाही.

मार्ग एकच होता तो मी करून पाहिला. ज्या संस्थेने ती डीव्हीडी काढली होती तिला पत्र लिहून मेकिंगच्या मूळ कॅसेटी आहेत का, असे विचारले. दोन महिन्यांनी सभ्य उत्तर आले, की कार्यालय हलवताना त्या कॅसेटी काढून टाकल्या गेल्या आणि संस्थेकडे आता फक्त चित्रपट आहे. दुसऱ्या कोणाकडे हीच डीव्हीडी चांगल्या अवस्थेत असेल म्हणून नाशिकरोड, सिडको आणि भद्रकालीतल्या जुन्या लायब्ररीवाल्यांकडे चौकशी केली. त्यांच्यापैकी एकाकडेही आता चकत्या नाहीत. २००७ च्या सुमारास व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकत मिळू लागली तेव्हापासूनच भाड्याने नेणारे गिऱ्हाईक घटले होते, आणि दुकाने बंद करताना त्यांनी माल विकून टाकला. शोध मी सोडलेला नाही.

७१ चकत्यांपैकी ६४ पूर्ण उतरल्या, चार अर्धवट उतरल्या आणि तीन वाचताच आल्या नाहीत. सगळे मिळून ३८ तासांचे चित्रण आहे आणि चित्रपट सोडून ते सुमारे ९० जीबी भरते. त्याच्या दोन नकला आहेत : एक माझ्या टेबलात, दुसरी नाशिकरोडला बहिणीच्या घरी, म्हणजे पूर, आग किंवा चोरी झाली तरी दोन्ही एकदम जाणार नाहीत. प्रत्येक फायलीचा चेकसम, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा पडताळा-आकडा, काढून ठेवला आहे आणि दर सहा महिन्यांनी तो ताडून पाहतो. मूळ चकत्याही टाकलेल्या नाहीत. त्या उभ्या ठेवून, ओल नसलेल्या कपाटात आहेत.

नोंदवही मी हाताने लिहिली. प्रत्येक तुकड्यासाठी चकतीचा क्रमांक, टायटलचा क्रमांक, लांबी, कोण दिसते आणि काय काम चालले आहे. पहिल्या वहीत मी फक्त नट-नट्या आणि दिग्दर्शकांची नावे लिहीत होतो. आत्यांबरोबर तो दीड तास बसल्यानंतर सगळ्या नोंदी पुन्हा केल्या आणि तक्ता कोणी धरला, दोरी कोणी ओढली, मागे कोणते दुकान आहे, कोणते यंत्र वाजते आहे, हेही लिहू लागलो. त्यासाठी दोन वह्या आणखी लागल्या.

गल्लीच्या तुकड्यात, काकांचे दळण झाल्यावर, ते आत जातात आणि बटण बंद होते. मोटर थांबली तरी पट्टा लगेच थांबत नाही. तो आधी एकसारखा, मग तुटक, मग एकेक फटका देत मंदावतो आणि शेवटच्या फटक्यानंतर गल्लीतली एक चिमणी ऐकू येते. ध्वनिमुद्रक हात वर करतो. चित्रपटात हा आवाज नाही, कारण त्यासाठीच तो थांबवलेला होता. तो पकडला गेला मेकिंगच्या छोट्या कॅमेऱ्यावरच्या साध्या माइकमध्ये. वहीत त्याची नोंद अशी आहे : चकती ३७, टायटल ५, मिनिट १५.२०, गिरणी बंद होतानाचा आवाज, ११ सेकंद.